वर्गाची मागची भिंत

डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोच्या घशात कॅमेऱ्याची नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. दोन पांढुरक्या पट्ट्या उघडमीट करत होत्या आणि दोन्हींच्या कडेला, बरोबर समोरासमोर, तांदळाच्या कणीएवढे दोन उंचवटे होते. बाईंनी माझ्या हातांकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, फर्निचर. "मग तुम्हाला लगेच कळेल. रंधा मारून हाताला घट्टे पडतात ना, तसे हे यांच्या आवाजाला पडलेत. वर्षानुवर्षं आवाज चढवून बोलल्याचे."

माझी बायको बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवते. सहा महिन्यांपासून तिचा आवाज बसत होता, सुटत होता, परत बसत होता. गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं. शेवटी उन्हाळ्याची सुट्टी लागताच मी तिला जवळजवळ ओढूनच इथं आणलं होतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचं पण नाही, त्यानं उलट ताण वाढतो. त्यानंतर फक्त समोरासमोर बसून बोलतो तेवढ्याच आवाजात. घट्टे त्यानं बसले तर उत्तम. पण परत आवाज चढवावा लागला, तर ते परत येणार. मग शस्त्रक्रिया. आणि तिच्यानंतर वर्गावर उभं राहता येईल का, हे मी आज सांगणार नाही."

बायकोनं पर्समधून पेन काढलं आणि डॉक्टरांच्याच चिठ्ठीच्या पाठीमागे लिहिलं, 'शाळा सुरू होईपर्यंत मी बरी होईन ना?'

"तुम्ही व्हाल हो," बाई म्हणाल्या. "वर्ग बरा होणार आहे का?"

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. माझा स्वभाव असा की काही बिघडलं की आधी गुन्हेगार लागतो. गुन्हेगार सापडला की मला निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. दार लागत नसेल तर बिजागरी, पॉलिश उडालं तर पावसाळा, जेवण बेचव लागलं तर मीठ विकणारा. त्या दिवशी जालना रोडवरून घरी येताना मी स्कूटरवर बसून शाळेला, शाळेच्या संचालकांना आणि त्या वर्गाला एवढ्या शिव्या घातल्या की बायकोनं मागून दोनदा पाठीवर थोपटलं. गप्प बसा, असा त्याचा अर्थ. मी बसलो नाही.

पण वर्ग खरोखरच वाईट होता, हे सांगितलं पाहिजे. छावणीजवळ शाळा आहे. मुलं वाढली तशी तीन वर्षांपूर्वी सातवीची एक तुकडी खालच्या मोठ्या खोलीत बसवली. ती खोली मूळची गॅदरिंगच्या सामानाची. उंच स्लॅब, खाली शहाबादी, चारही भिंती नुसत्या सिमेंटच्या, त्यावर ऑइलपेंट. पडदा नाही, लाकडाचं कपाट नाही, आवाज मुरेल असं काही म्हणजे काही नाही. एका मुलानं बाक सरकवला तर वाटावं दहा जणांनी सरकवला. मी फळ्यापाशी उभा राहून मोठ्यानं "हॅलो" म्हणालो, तर तो शब्द मागच्या भिंतीवर आपटून माझ्याच पुढच्या शब्दावर येऊन पडला. अशा खोलीत साठ मुलांना प्रकाशसंश्लेषण शिकवायचं म्हणजे आधीचा शब्द विरेपर्यंत थांबायचं, नाहीतर त्याच्यावर ओरडायचं. थांबणं माझ्या बायकोच्या स्वभावात नाही.

मी मुख्याध्यापिकाबाईंना भेटलो. म्हटलं, भिंतींचं काम मी करून देतो, माझ्या कारखान्यात, माझ्या माणसांकडून. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "करा. पण शाळा उघडायच्या आधी मला ऐकवा. बाईंना साध्या आवाजात शिकवता आलं, शेवटच्या बाकापर्यंत पोचलं, तर वर्ग त्यांचाच. नाही पोचलं तर मी त्यांना ग्रंथालय देते. त्यांच्याच भल्यासाठी सांगते."

हे घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं, पिठाच्या हातानं वही ओढली आणि लिहिलं, 'ग्रंथालय नको.' मग खाली अजून एक ओळ. 'मी तिथं मरून जाईन.' लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं होतं.

सुट्टीत आम्ही दरवर्षी कन्नडला, माझ्या गावी जातो. या वेळी गेलो नाही. गावी गेलं तर बोलणं आलंच. सासू-सुनांच्या गर्दीत मौन पाळणारी बाई म्हणजे भांडून आलेली बाई, असं आमच्याकडे धरतात. घरात कूलर घरघरत होता. नळाला आठवड्यानं एकदा पाणी यायचं, तेव्हा ती खालून ताटलीवर चमचा वाजवायची आणि मी गच्चीवरची मोटर सुरू करायचो. बाकी सगळं वहीवर. 'दूध संपलं.' 'तुमच्या आत्याचा फोन होता, मी उचलला नाही.' 'शर्टाला बटण नाही, तो घालू नका.' खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत आमच्यात एकही भांडण झालं नाही. मला वाटलं, बाई गप्प असली की संसार सोपा होतो. हे मी कारखान्यात चारचौघांत बोलूनही दाखवलं आणि स्वतःच हसलो.

भिंतींचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. ते सांगितलं आमच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांनी. जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस. त्यांच्या घरचं पुस्तकांचं कपाट मी केलेलं, म्हणून ओळख. त्यांना वर्गात नेलं तर त्यांनी खिशातून खाकी कागदाची पिशवी काढली, फुगवली आणि फाडकन फोडली. मग डोळे मिटून ऐकत राहिले. अशा पाच-सहा पिशव्या त्यांनी वेगवेगळ्या कोपऱ्यांत फोडल्या. शिपाई दारात येऊन बघून गेला.

"दोन कामं आहेत," ते म्हणाले. "बाजूच्या भिंतींवर थोडा आवाज मुरवायचा. खाचा पाडलेल्या फळ्या, त्यांच्या मागे रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंचा कापूस. ते सोपं. खरी गंमत मागच्या भिंतीची. तिथं सगळाच मुरवला तर खोली मेल्यासारखी होईल आणि बाईंना परत जोर लावावा लागेल. तिथं आवाज फोडायचा. सपाट भिंत आवाजाला आहे तसा परत पाठवते. तीच भिंत उंचसखल केली तर प्रत्येक खाचेतून तो थोडा मागेपुढे सुटतो आणि चहूकडे पांगतो."

त्यांनी वहीत उभ्या पट्ट्या काढल्या आणि खाली आकडे लिहिले. शून्य, एक, चार, दोन, दोन, चार, एक. मग परत शून्यापासून. हे इंचांतले उंचवटे. दर दोन पट्ट्यांमध्ये पातळ फळी. "गणितातून आलेली रांग आहे," ते म्हणाले. "इकडचं तिकडं करू नका."

मी तो कागद कारखान्यात नेला आणि मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवला.

मिस्त्रींबद्दल सांगायला हवं. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, जुन्या शहरातले, तीन पिढ्या सुतारकीतल्या. मी कन्नडहून आलो तेव्हा मला खिळा सरळ ठोकता येत नव्हता. रंधा कसा धरायचा, काटकोन तपासायला गुण्या कसा लावायचा, सांधा हाताला लागता कामा नये म्हणजे काय, हे सगळं त्यांनी शिकवलं. आज कारखाना माझ्या नावावर आहे, पण त्यांच्यासमोर मी अजून खुर्चीत टेकत नाही. फक्त रागावलो की ते विसरतो.

त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "भाऊ, ये नक्षा किसने बनाया? प्रोफेसर साबने? दात टूटे सरीका दिखरा."

"तसंच पाहिजे म्हणतात."

"भाभीकी शाला है," ते म्हणाले. "बच्चे रोज देखेंगे. ऐसा ऊबड़खाबड़ कैसा लगायेंगे?"

मी म्हटलं, लावा तुम्ही, आणि दुसऱ्या कामाला गेलो. चार दिवसांनी बघायला आलो तेव्हा मागच्या भिंतीची पहिली चौकट उभी होती. मी बघत राहिलो. शून्यापासून एक, दोन, चार, मग चार, दोन, एक, परत शून्य. चढत जाणारी आणि उतरत येणारी लाट. कडा गोल केलेल्या. मधल्या पातळ फळ्या काढून टाकलेल्या, कारण त्या आड येत होत्या. मिस्त्रींनी हात वरून खालपर्यंत फिरवून दाखवला, कुठंही अडखळला नाही. आकडे तेच होते, फक्त त्यांनी ते शहाण्यासारखे रांगेत लावले होते.

आता इथं मी लिहिताना साळसूद होऊ शकतो, पण होणार नाही. मला ते आवडलं. प्राध्यापकांचं वाक्य मला आठवत होतं आणि तरी आवडलं. आमच्या धंद्यात वाकडं दिसेल ते सरळ करायचं, हे हाताला इतकं लागलेलं असतं की वाकडेपणाही मोजूनमापून दिला असेल, हे डोकं मानत नाही. मी मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "लई झकास. अशाच करा सगळ्या."

शाळा उघडायला दहा दिवस राहिले असताना आम्ही ती भिंत पूर्ण केली. बाजूच्या फळ्याही लागल्या. दुपारची वेळ, पंखे बंद, मी प्राध्यापकांना घेऊन आलो. ते दारातच थांबले. लाटेकडे बघितलं. पिशवी फुगवून फोडली. मग चौथ्या बाकावर जाऊन बसले, मला फळ्यापाशी बोलायला लावलं, मग सहाव्या बाकावर बसले, मग शेवटच्या.

"हे कोणी सुधारलं?" त्यांनी विचारलं.

त्यांचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. ते म्हणाले, अशा खोलगट वळणात आवाज पांगत नाही, उलट गोळा होतो. चौथ्या बाकावर तो कानात शिरतो आणि शेवटच्या बाकावर नुसता कालवा. बाईंना पहिल्यापेक्षा जास्त ओरडावं लागेल.

मिस्त्री शिडीवर होते, वरचा एक स्क्रू आवळत. त्यांनी विचारलं, "क्या हुआ भाऊ?"

आणि मी सुटलो. बाहेर कामाला असलेली आमची दोन माणसं, शिपाई, प्राध्यापक, सगळ्यांसमोर. दिलेला कागद वाचता येत नाही का, स्वतःला काय समजता, माझ्या बायकोचा घसा जाईल तुमच्या कलाकुसरीपायी. 'झकास' कोण म्हणालं होतं, हे मला त्या वेळी पक्कं आठवत होतं. त्यामुळेच मी आणखी मोठ्यानं बोललो. मिस्त्री शिडीवरून उतरले. चष्मा डबीत ठेवला, डबी खिशात ठेवली, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

घरी येऊन मी बायकोला झालेलं सांगितलं, अर्थातच माझ्या बाजूनं. तीन आठवडे संपत आले होते, पण अजून तिला बोलायची परवानगी नव्हती. तिनं वहीत लिहिलं, 'तुम्ही बघितलं नव्हतं का आधी?' मी म्हटलं, बघितलं होतं. तिनं वही मिटली. तिला काही लिहायचंच नव्हतं आणि मला तिनं काहीतरी लिहावं असं फार वाटत होतं.

पुढचे दोन दिवस मी एकट्यानं धडपड केली. जुन्या चौकटी सोडवल्या, पट्ट्या परत कापायला घेतल्या. करवतीचं यंत्र चालू झालं की मी आणि लाकूड एवढंच जग उरतं. पण हातात घाई होती. दोनचा चार झाला, चारचा तीन झाला. एक पूर्ण प्लायवूड वाया गेलं. आठ दिवस राहिले होते. मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आला, बघायला कधी येऊ? मी म्हटलं, शनिवारी. शनिवारपर्यंत भिंत होणार नाही, हे मला दिसत होतं. रात्री मी ताटासमोर बसून पट्ट्यांचा हिशोब करत होतो आणि समोर ती शांतपणे वरणभात खात होती, जणू काही ठरून गेलंय.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. सलाम नाही, दुआ नाही. "भाभीके वास्ते आया मैं," ते म्हणाले. "तुम्हारे वास्ते नक्को समझो."

मी म्हटलं, "मिस्त्री, चूक माझी होती."

"हौ. मालूम है."

मग त्यांनी प्राध्यापकांना बोलवायला लावलं. म्हणाले, का करायचं ते कळल्याशिवाय आता हात लावणार नाही. प्राध्यापक नातवाचा रबरी चेंडू घेऊन आले. आधी तो सपाट भिंतीवर मारला, तो सरळ त्यांच्याच हातात परत आला. मग वाया गेलेल्या वेड्यावाकड्या पट्ट्या भिंतीला टेकवल्या आणि त्यावर मारला. चेंडू कडेला लागून पत्र्यावर गेला, दुसऱ्यांदा ड्रिलच्या खोक्यात, तिसऱ्यांदा मिस्त्रींच्या गुडघ्यावर. मिस्त्री हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. "मतलब इसको भटकाना है," ते म्हणाले. "सीधा बोलना था ना साब."

नंतरचे चार दिवस ते कागदावरून डोळा हलवत नव्हते. ते आकडा सांगणार, मी पट्टी देणार. यंत्राच्या आवाजात त्यांचं सांगणं मला नीट येत नव्हतं. मी दोनदा 'काय?' म्हटलं. तिसऱ्यांदा त्यांनी काही न बोलता खडू घेतला आणि प्रत्येक पट्टीवर आकडा लिहायला सुरुवात केली. मला वाटलं, राग अजून गेलेला नाही, म्हणून बोलत नाहीत. कडा टोकदार ठेवल्या. मधल्या फळ्या लावल्या. भिंत पूर्ण झाली तेव्हा एखाद्या नवशिक्यानं केल्यासारखी दिसत होती आणि मिस्त्रींनी एकदाही तिच्यावरून हात फिरवला नाही.

शनिवार आला. आदल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी परत नळी घालून बघितलं होतं. घट्टे बरेच बसले होते. हळू आवाजात बोलायला हरकत नाही, म्हणाल्या, पण चढवायचा नाही म्हणजे नाही. बायकोनं घरी एक शब्दही काढला नव्हता. पहिलं बोलणं वर्गात, असं तिनं लिहून ठेवलं होतं.

ती फळ्यापाशी उभी राहिली. आकाशी साडी, हातात खडू, जशी रोज उभी राहत असेल तशी. मुख्याध्यापिकाबाई मधल्या बाकावर बसल्या. प्राध्यापक आणि मिस्त्री मागे डाव्या बाजूला. मी उजव्या कोपऱ्यात, अगदी शेवटच्या बाकावर, कारण सगळ्यात कठीण जागा मला हवी होती. पंखे चालू ठेवले होते, शाळेत असतात तसे.

तिनं तोंड उघडलं. ओठ हलताना दिसले. एक वाक्य झालं, दुसरं झालं. मुख्याध्यापिकाबाईंनी मान हलवली. माझ्यापर्यंत आलं ते एवढंच, की कुणीतरी दूर बोलतंय. शब्द एकही नाही. मी पुढे वाकलो. पंख्याची घरघर, आणि तिच्या आत कुठंतरी ती.

गेलं, मला वाटलं. सगळं गेलं. त्या भीतीचा राग व्हायला मला नेहमीसारखा एक क्षण लागला.

मी उठून उभा राहिलो. "काय डोंबल ऐकू येतंय! एक अक्षर पोचत नाय इथं." मग मिस्त्रींकडे वळलो. "परत काय केलं तुम्ही? कुठली पट्टी फिरवली? काढा. सगळी काढा, आत्ताच्या आत्ता काढा."

प्राध्यापक म्हणाले, "अहो, स्वच्छ येतंय की."

"तुम्ही मन राखायला बोलू नका, सर."

"मी मन कशाला राखू? बाई म्हणाल्या, आज आपण अन्नसाखळी बघणार आहोत. पहिला घटक गवत. दुसरा नाकतोडा."

मुख्याध्यापिकाबाई मागे वळून माझ्याकडे बघत होत्या. मिस्त्री खाली बघत होते. तेव्हा बायकोनं खडू खाली ठेवला आणि बाकांच्या मधून चालायला लागली. पहिल्या बाकापाशी थांबली, ओठ हलवले. दुसऱ्या बाकापाशी थांबली. तिसऱ्या. प्रत्येक ठिकाणी तेच, तेवढ्याच आवाजात, तोंडावर तीच शिकवणारी शांतता. मला तिच्या चेहऱ्यावरून समजत होतं की ती काहीतरी विचारतेय, पण काय ते कळत नव्हतं. ती मुख्याध्यापिकाबाईंच्या पुढे आली. प्राध्यापकांचा बाक ओलांडून आली. माझ्यापासून दोन बाकांवर येऊन उभी राहिली, तेव्हा ते मला ऐकू आलं.

"अहो, येतंय का ऐकू?"

महिनाभरानं ऐकलेला तो आवाज. बारीक झाला होता, पण खरखर गेली होती. मी खाली बसलो.

मिस्त्री हळूच उठून माझ्या शेजारी येऊन बसले. "भाऊ, कारखानेमें सबकू मालूम है," ते म्हणाले, माझ्या कानाशी. "तीस साल करवतके पास खड़े रहे तुम. कान पे कभी कुछ लगाया नहीं. मगर तुमकू बोलेगा कौन?"

मी बायकोकडे बघितलं. "तू का नाय सांगितलं?"

"एकदा सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही ताट लोटलं होतंत."

ते ताट मला आठवलं. मेथीची भाजी होती. भाजी वाईट झालीय म्हणून लोटलं, असं मी आजवर धरून चाललो होतो.

मुख्याध्यापिकाबाईंनी जवळ येऊन वर्ग बाईंचाच, असं काहीतरी सांगितलं. बायकोनं हात जोडले. सगळे उठले, प्राध्यापकांनी मिस्त्रींचा हात हातात घेतला. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो होतही होता, पण त्याच्या खाली मला लाज वाटत होती, एवढी की मान वर होईना. वर्गाला दिवाळीची सुट्टी होती, उन्हाळ्याची सुट्टी होती, रविवार होता. माझ्यापासून तिला सुट्टी नव्हती. चहा झाला, हे ती स्वयंपाकघरातून एकदा सांगायची. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ती ज्या आवाजात सांगायची तेवढा एकच आवाज मला पोचायचा, आणि वर मी म्हणायचो, ओरडतेस कशाला. डॉक्टरीणबाईंनी वर्षानुवर्षं आवाज चढवल्याचं म्हटलं तेव्हा माझी बायको माझ्या शेजारी बसून होती आणि तिनं सगळा दोष शाळेवर जाऊ दिला.

सोमवारी आम्ही त्याच दवाखान्यात गेलो. या वेळी मी रुग्ण होतो. बाकड्यावर आम्ही दोघं बसलो, गर्दी होती, कुणाचं तरी लेकरू रडत होतं. काउंटरमागच्या मुलीनं माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

मी सवयीनं बायकोकडे वळलो. "काय म्हणतेय?"

तिनंही सवयीनं श्वास आत ओढला. खांदे वर गेले, मान ताठ झाली, गळ्याची शीर दिसायला लागली. हे मी हजार वेळा बघितलं असेल आणि कधीच बघितलं नव्हतं. ती तोंड उघडणार तेवढ्यात मी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"तू नको," मी म्हटलं, आणि उठून काउंटरपाशी गेलो. "ताई, मला कमी ऐकू येतं. जरा परत सांगता का?"